बिजलीबाईची साक्ष

बोरतांडा, जि. यवतमाळ
३ ऑक्टोबर २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, मास्तर, राणीच्या देशातून आलं. मी म्हटलं, बाबा, आता तिथं राजा आहे. तू फोनचा आग्रह धरतेस, पण माझ्या कानातलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्ट्या मारतं. समोर बसलेल्या माणसाचं अजून ऐकू येतं. तेव्हा तू लिहीतच राहा. तुझ्या आजीला, म्हणजे वहिनीला, मी वाचून दाखवतो. एकदा तुझी तब्येत कळायला आणि एकदा मजकूर कळायला, असं तिला दोनदा ऐकावं लागतं.

बातमी अशी की वहिनीला, बिजलीबाई या नावानं, कोर्टाचं समन्स आलं आहे, नौशादच्या केसमध्ये. ते झालं तेव्हा तू नागपूरला कॉलेजात होतीस, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी तांड्याच्या वेशीवरचा मरीमायचा ओटा एका सकाळी फुटलेला दिसला. देवी, म्हणजे आपला तो शेंदराचा दगड, बाजूच्या निंबाखाली ठेवलेली होती आणि तिच्यापाशी पंप दुरुस्त करणारा नौशाद उभा होता. त्याच्या दोन्ही हातांना शेंदूर. लोक जमले, फोटो निघाले, दुपारपर्यंत पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या. देवीचा अपमान केल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला. एकवीस दिवस तो तुरुंगात राहिला, मग जामिनावर सुटला. पण तेव्हापासून या बाजूला कोणी त्याला आपल्या विहिरीवर येऊ देत नाही.

वहिनी त्या सकाळी शेण टाकायला गेली होती. जमादारानं तिचा जबाब लिहून घेतला आणि अंगठा उमटवला. त्यात लिहिलं आहे की नौशादला तिनं सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, ओटा फोडताना पाहिलं. वहिनी म्हणते, “मी असं सांगतलंच नाही.” पण तो कागद तिला कोणी वाचून दाखवला नव्हता. आता सरकारी वकील तिला आपली साक्षीदार म्हणून बोलावत आहेत.

वहिनी जायला तयार आहे. अडचण निराळीच आहे. ती म्हणते, “जाईन. जे पाह्यलं ते सांगीन. पण देवाची शपथ घेणार नाही.”

मी कारण विचारलं तर उठून चुलीकडे गेली. गावात ही गोष्ट फुटली आहे. म्हातारीचा धर्म फिरला, असं पारावर उघड बोलतात. शपथ न घेणाऱ्याची साक्षच लिहीत नाहीत, असंही सांगणारे आहेत. निवडणूक तोंडावर आहे, त्यामुळे जो तो बोलतो आहे. कायदा काय म्हणतो ते तू कळव. ती शपथ का घेत नाही ते मला माहीत नाही.

तुझा,
मास्तरबाबा


लँकेस्टर
२१ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मास्तरबाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला आधी रागच आला. नौशादकाकांनी माझी शाळेची सायकल किती वेळा नीट करून दिली असेल. त्या माणसाची सुटका आजीच्या चार वाक्यांवर अडली आहे आणि आजी शपथेवर अडून बसली आहे.

मला वाटतं ती घाबरली आहे. तांड्यातल्या कोणीतरी तिला सांगितलं असणार की मुसलमानाच्या बाजूनं देवीची शपथ घेतलीस तर देवी कोपेल. तुम्ही तिला समजावून सांगा. कोर्टातली शपथ म्हणजे नुसते शब्द असतात. कारकून म्हणतो तसं मागून म्हणायचं आणि साक्षीला लागायचं. देव काही तिथं कान देऊन बसलेला नसतो.

माझ्या वर्गात आम्ही हेच शिकतो आहोत, वेगवेगळ्या देशांतले कायदे आणि धर्म. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या देशात धर्म सोडला तर तुरुंग आहे. दुसऱ्या एकीच्या देशात डोक्यावर रुमाल बांधून शाळेत जाता येत नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नांपुढं आजीची ही अडचण मला फार लहान वाटते. तिला माझा निरोप सांगा: एकदा म्हणून टाक.

तुमची,
निकिता


बोरतांडा
१० नोव्हेंबर २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. एक ओळ गाळावी असं मनात आलं होतं, पण गाळली नाही. ‘नुसते शब्द’ हे ऐकल्यावर ती तुरीच्या शेंगा सोलायची थांबली.

म्हणाली, “पोरीले लिही. नुसते शब्द असते त मी चाळीस वर्षं मरीमायले हात लावल्याबिगर काहून राह्यली असती?”

मी तुला तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून कळवतो आहे. आठवून पाहा. सगळ्या बाया ओट्यावर जाऊन देवीला शेंदूर लावायच्या. तुझी आजी मात्र खाली, दहा पावलं लांब, तांब्यातलं पाणी ओतायची आणि परत यायची. तू लहानपणी विचारायचीस, आजी वर का नाही येत. तिचे गुडघे दुखतात, असं मीच तुला सांगायचो.

शपथ घेऊ नको म्हणून तिच्यावर कोणाचा दाब नाही. दाब आला तो निराळ्याच गोष्टीसाठी. मागच्या आठवड्यात एका पुढाऱ्याची माणसं घरी आली. शेजारच्या गावचे विठ्ठलराव सोबत होते. कापूस-सोयाबीनचे मोठे शेतकरी, भजनी मंडळाचे प्रमुख. माणूस वाईट नाही. त्यांचंही नाव साक्षीदारांत आहे. आलेली माणसं म्हणाली, ओट्याच्या जागी पक्कं मंदिर बांधून देऊ, बाईनं फक्त जबाबात आहे तेवढं बोलावं. वहिनीनं सगळ्यांना चहा दिला. मग म्हणाली, “मंदिर बांधा. पण मी जे पाह्यलं तेच बोलीन.” विठ्ठलराव कपाकडे बघत बसले होते. जाताना त्यांनी वहिनीला वाकून नमस्कार केला, हे मला चमत्कारिक वाटलं.

तारीख नऊ जानेवारीची आहे. कायद्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. मला उपदेश नको होता, कलम हवं होतं.

मास्तरबाबा


लँकेस्टर
२८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मास्तरबाबांना नमस्कार.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला चांगलीच लागली. लागायलाच हवी होती. कलम शोधायला मी ग्रंथालयात गेले आणि त्यानंतर आठवडाभर मला दुसरं काही सुचलेलं नाही.

आधी कलम. आपल्या संसदेनं १९६९ साली शपथांचा कायदा केला. त्याच्या पाचव्या कलमात आहे की साक्षीदाराला शपथ घ्यायची नसेल तर तो त्याऐवजी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करू शकतो. त्यात देवाचं नाव नाही. अशी साक्षही शपथेवरच्या साक्षीइतकीच धरली जाते. वेगळ्या कागदावर कलम उतरवून पाठवते आहे, ते नौशादकाकांच्या वकिलांना द्या.

पण हे कलम आलं कुठून, ते ऐका. मी राहते त्या गावात टेकडीवर एक किल्ला आहे. तो अगदी अलीकडेपर्यंत तुरुंग होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथं क्वेकर नावाच्या पंथाची माणसं कोंडली होती. त्यांचा गुन्हा एवढाच की ती शपथ घेत नव्हती. आणि ती काही देव न मानणारी माणसं नव्हती, चांगली भाविक होती. त्यांचं म्हणणं असं की शपथ घेऊन खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायला माणूस मोकळा झाला. आम्ही रोजच खरं बोलणार, मग देवाला मध्ये कशाला ओढायचं. त्यांतल्या एका बाईनं याच एका गोष्टीपायी चार वर्षं तुरुंगात काढली. ती मोठ्या घरची होती, मुलाबाळांची आई होती. एक वाक्य म्हटलं असतं तर त्याच दिवशी घरी गेली असती. अशी किती माणसं तुरुंगात गेली, काही आतच मेली. शेवटी सरकारनं कायदा बदलला आणि त्यांना शपथेविना आपलं म्हणणं मांडायची मुभा दिली. तीच वाट पुढं दुसऱ्यांसाठी रुंद झाली, इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली आणि पुढं आपल्या कायद्यात राहिली.

रविवारी मी त्यांच्या प्रार्थनाघरात गेले. स्टेशनजवळच आहे. आत मूर्ती नाही, क्रूस नाही, पुजारी नाही. भोवती खुर्च्या आणि मध्ये एक टेबल. सगळे तासभर गप्प बसले, मीही बसले. एक म्हातारी मध्येच उठली, दोन वाक्यं बोलली आणि खाली बसली. बाबा, त्या शांततेत मला आजी दिसली, दहा पावलं लांब उभी असलेली. मी तिला ‘म्हणून टाक’ असं लिहिलं होतं. तिनं या लोकांचं नावही ऐकलेलं नाही आणि ती त्यांच्याच जागी जाऊन उभी आहे.

तिला सांगा, निकिता चुकली. आणि ती हात का लावत नाही, हे तुम्हाला खरंच माहीत नाही का?

निकिता


बोरतांडा
१० जानेवारी २०२६

चि. निकितास,

काल कोर्ट झालं. सकाळपासून लिहायला बसलो आहे.

वहिनीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी यंत्रात नवे सेल घालून पुढच्या बाकावर बसलो. विठ्ठलरावांची साक्ष तिच्या नंतर होती, म्हणून त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. दार मात्र उघडंच होतं. न्यायाधीश बाई तरुण आहेत, तुझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील.

कारकुनानं सुरुवात केली, “म्हणा, ईश्वरसाक्ष शपथ घेते की...”

वहिनी म्हणाली, “हे म्हणत नाही.”

मागच्या बाकांवरून कोणीतरी हसलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. “का, आजी?”

“मले खरं बोलाचं हाय, साहेब. त्याच्यात देवाले कायले आणू?”

नौशादचे वकील तुझा कागद घेऊन उठले. बाई म्हणाल्या, “मला माहीत आहे, बसा तुम्ही.” मग त्या वहिनीकडे वळून सावकाश बोलल्या, “आजी, कायद्यात तुमच्यासाठी दुसरी वाट ठेवली आहे. शब्द जड आहेत, मी सोपे करून सांगते. जे सांगीन ते खरं सांगीन, काही लपवणार नाही. यात देवाचं नाव नाही. पण खोटं बोललात तर शिक्षा तीच आहे. चालेल?”

“चालते,” वहिनी म्हणाली. तिनं ते शब्द दोनदा सांगायला लावले, मग एकेक करून स्वतः म्हटले. निकिता, मी पस्तीस वर्षं शाळेत प्रार्थना घेतली, पण माणसाला शब्द असे उच्चारताना कधी ऐकलं नव्हतं. मागचे बाक गप्प झाले. यंत्राच्या खरखरीशिवाय मला काही ऐकू येईना.

मग तिनं सांगितलं. “पाइपाची नाली खोदणारं जेसीबी मागं सरकलं अन् ओट्याले भिडलं. ओटा बसला. देवी नालीतल्या गाऱ्यात पडली. ड्रायव्हर खाली उतरला, पाह्यलं, अन् मशीन घेऊन निंगून गेला. मंग हा फटफटीवर आला. नालीत उतरला, देवी उचलली, आपल्या दुपट्ट्यानं पुसली अन् निंबाखाली नेऊन ठेवली. त्याच्यानं याचे हात लाल झाले.”

सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवलं. स्वतःच्याच बाजूविरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदाराला तसं म्हणतात म्हणे. मग ते तिला उलट प्रश्न विचारू लागले. शेवटचा प्रश्न असा होता, “देवी चिखलात पडली, तुम्ही समोर उभ्या होतात. मग तुम्ही का नाही उचललीत? दुसऱ्या धर्माचा माणूस येईपर्यंत वाट पाहिलीत? आणि आज शपथही घेत नाही. बाई, तुमचा देवावर विश्वास तरी आहे का?”

न्यायाधीश बाई म्हणाल्या, “याचं उत्तर दिलं नाही तरी चालेल.” वहिनी म्हणाली, “देतो.”

“साहेब, चाळीस वर्षांआधी आमच्या घरी बैलजोडी आली. माह्या मालकानं आणली. तांड्यातल्या पूनमसिंगनं म्हटलं, बैल माहे हायेत. पंच बसले. मालक मले म्हणाला, तुह्या शब्दाले मान हाय, तू सांग. मी मरीमायवर हात ठेवला अन् सांगतलं, बैल आमच्याच गोठ्यात जन्मले. ते खोटं होतं. पूनमसिंगले खोटा ठरवला. तो बायकोपोराले घेऊन तांडा सोडून गेला. त्या दिवसापासून मी त्या देवीले हात लावला नाही. ती गाऱ्यात पडली तवा मी धावली. पण हात पुढं होयेना. कोणत्या हातानं उचलू? हाच हात होता. मंग हा आला. यानं काही इचारलं नाही. यानं उचलली. मी पाहतच राह्यली, साहेब. मले वाटलं, तिनंच बोलावला याले.”

तिनं उजवा हात वर करून दाखवला. सरकारी वकील खाली बसले. न्यायाधीश बाई लिहायच्या थांबल्या होत्या, आणि आरोपीच्या जागी उभा असलेला नौशाद दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता.

पुकारा झाला तेव्हा विठ्ठलराव आत आले. वहिनीचा आवाज व्हरांड्यात गेला असणार. कारकुनानं सांगितलेली शपथ त्यांनी अर्धी म्हटली आणि थांबले. रोज देवाचं नाव घेणारा माणूस, पण त्याला पुढचा शब्द उच्चारता येईना. म्हणाले, “मॅडम, मले बी त्या बाईसारखंच म्हणू द्या.” तसं म्हटल्यावर ते बोलले, “मी ओटा फुटताना पाह्यलं नाही. मी आलो तवा देवी निंबाखाली होती अन् याच्या हाताले शेंदूर होता. एवढंच पाह्यलं. बाकीचं मले सांगा म्हणून सांगतलं होतं.”

बाहेर आल्यावर नौशाद वहिनीजवळ आला. म्हणाला, “आजी, मोटर ठीक चालते का?”

“आवाज करून राह्यली,” वहिनी म्हणाली.

“सोमवारी येतो.”

आता माझं. तू विचारलं होतंस, मला खरंच माहीत नाही का. माहीत होतं. पंचांचा तो कागद मीच लिहिला. मी नवाच मास्तर झालो होतो, अक्षर चांगलं म्हणून मला बसवलं. त्याच बैलांना मागच्या पोळ्याला पूनमसिंगच्या दारात सजवलेलं मी पाहिलं होतं. मोठा भाऊ, तुझा आजोबा, समोर बसला होता. मी लिहीत गेलो. वहिनीनं निदान स्वतःला शिक्षा तरी करून घेतली. मी तेवढंही केलं नाही. तुला पहिल्या पत्रात ‘मला माहीत नाही’ असं लिहिलं, तेही त्याच अक्षरात.

मास्तरबाबा


लँकेस्टर
२७ जानेवारी २०२६

तीर्थरूप मास्तरबाबा,

तुमचं पत्र मी प्रार्थनाघराच्या पायरीवर बसून वाचलं. खोलीवर वाचायचा धीर झाला नाही. वाचून झाल्यावर मी आत गेले. आत कोणी नव्हतं. तशीच बसून राहिले.

आमच्या पुस्तकांत धर्मस्वातंत्र्यावर मोठमोठे निकाल आहेत, शेकडो पानांचे. त्यांत राज्यघटनेतला ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. परीक्षेत मी त्यावर चार पानं लिहिली आहेत. त्याचा अर्थ मला आत्ता कळला. माणसाच्या आत एक जागा असते, तिथं पंच, पुढारी, सरकार, नवरा, नात कोणीही शिरू नये, एवढंच ते कलम म्हणतं. आजी त्या जागेत चाळीस वर्षं एकटी राहिली.

तुमच्यावर रागवावं का, हे मी स्वतःला विचारलं. पण बैल आले ते माझ्या आजोबांच्या गोठ्यात, त्या शेतीवर माझे बाबा शिकले, आणि आज मी इथं आहे. पूनमसिंग कुठं गेले, बाबा? त्यांचा मुलगा असेल ना?

निकिता


बोरतांडा
१ मार्च २०२६

चि. निकितास आशीर्वाद.

निकाल लागला. नौशाद निर्दोष सुटला. निकालात न्यायाधीश बाईंनी लिहिलं आहे की साक्षीदार बिजलीबाईनं स्वतःला कमीपणा आणणारी गोष्टही लपवली नाही, म्हणून तिचं बाकीचं म्हणणं विश्वासाला पात्र ठरतं. मी तिला ते तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरं लिह्यलं.” मग म्हणाली, “आता उमरखेडले जाऊ.”

पूनमसिंगचा मुलगा देवसिंग उमरखेडजवळच्या एका तांड्यात राहतो, हे मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं. परवा सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. रस्ताभर वहिनी खिडकीतून बघत होती. एकदाच बोलली. “तो जिवंत असन का?” मी म्हटलं, नाही. पूनमसिंग वारला, त्याला आठ वर्षं झाली. तिनं मान हलवली.

देवसिंग आता पन्नाशीला आला आहे. हळद वाळत घालत होता. पाहुणे आले म्हणून सुनेनं पाणी आणलं. वहिनीनं पाणी घेतलं नाही, उंबऱ्याच्या आतही गेली नाही. अंगणातच उभी राहून तिनं आपलं नाव सांगितलं आणि जे कोर्टात सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. मग मी माझं सांगितलं, कागदाचं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून कदाचित मी मोठ्यानं बोललो असेन.

देवसिंग ऐकत राहिला. मला वाटलं, आता हाकलून देईल. त्याचा तो हक्क होता. तो हातावरची हळद पुसत खाटेवर बसला आणि म्हणाला, “माहा बाप मरेपर्यंत म्हणे, बैल माहेच होते. दारू पिला की म्हणे, नाही पिला तरी म्हणे. आमीच त्याले म्हणू, बस कर आता, तांड्यानं देवीसमोर ठरवलं ते काय खोटं असन? माही माय बी म्हणे. मी बी म्हणो.”

वहिनीनं हात जोडले नाहीत, माफी कर असंही म्हटलं नाही. ती नुसती उभी होती, ऊन डोक्यावर आलं होतं.

मग देवसिंग उठला. घरात जाऊन त्यानं आपल्या दोन्ही मुलांना बोलावलं, सुनेला बोलावलं, शेजारच्या घरातून चुलत भावाला हाक मारली. भिंतीवरचा बापाचा फोटो काढून आणला आणि खाटेवर उभा करून ठेवला. सगळे अंगणात ओळीनं बसले.

“आजी,” तो म्हणाला, “आता पुन्हा एकदा सांग. यांच्यापुढं सांग.”

वहिनी फोटोसमोर जमिनीवर बसली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

तुझा,
हरिसिंग मास्तर